मान्यता नसलेल्या देशाची मतपेटी: सोमालीलँडविषयी वाचकांचे प्रश्न

सोमालीलँडमध्ये 31 मे 2021 रोजी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, म्हणजे प्रतिनिधिगृहाची निवडणूक झाली. तिथली पद्धत, मतदारयादी, मतमोजणी यांविषयी वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

प्रश्न: ज्या देशाला जग देश मानत नाही, तिथल्या निवडणुकीला अर्थ काय? ही नुसती देखाव्याची निवडणूक नाही का?

आधी पार्श्वभूमी. एडनच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, जिबूती आणि इथिओपियाला लागून असलेला हा प्रदेश पूर्वी ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. 26 जून 1960 रोजी तो स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी, 1 जुलैला, इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिणेकडच्या सोमालियाशी एक झाला. पुढे सियाद बर्रे यांच्या लष्करी राजवटीत इथल्या इसाक कुळातल्या लोकांवर भयानक अत्याचार झाले. 1988 मध्ये हर्गेसा हे शहर, म्हणजे आजची राजधानी, बाँबफेकीत जवळजवळ जमीनदोस्त झालं. राजवट कोसळल्यावर 18 मे 1991 रोजी बुराओ इथे भरलेल्या परिषदेत 'आम्ही 1960 चं स्वातंत्र्य परत घेत आहोत' असं जाहीर करण्यात आलं. 2021 ची निवडणूक झाली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने ते मान्य केलेलं नव्हतं.

पण मान्यता हा इतर देशांशी असलेल्या नात्याचा भाग झाला. कर कोण गोळा करतो, बर्बेरा बंदराचं उत्पन्न कुठे जातं, पोलीस कोणाचे, कायदा कोण करतो, हे प्रश्न तिथल्या माणसाला रोज भेटतात आणि त्यांची उत्तरं हर्गेसाच्या सरकारकडे आहेत. त्यामुळे आमदार कोण होणार याला तिथे खरा अर्थ आहे. देखाव्याची निवडणूक ओळखायची खूण सोपी असते: सत्ताधारी कधी हरतच नाहीत. इथे ते हरतात. 2005 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या उदुब पक्षाला 82 पैकी 33 जागा मिळाल्या; कुल्मियेला 28 आणि यूसिडला 21. म्हणजे सभागृहात बहुमत विरोधकांचं. 2021 मध्ये वद्दानी 31, सत्ताधारी कुल्मिये 30, यूसिड 21. पुन्हा तेच. त्याच्याही आधी, एप्रिल 2003 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आयोगाने फरक जाहीर केला तो अवघ्या 80 मतांचा. उदुबचे दाहिर रियाले काहिन जिंकले आणि हरलेले कुल्मियेचे सिलान्यो न्यायालयात गेले, पण शस्त्र घेऊन रस्त्यावर आले नाहीत. घरोघरी बंदुका असलेल्या, नुकत्याच यादवीतून बाहेर पडलेल्या समाजात ही गोष्ट किती मोठी आहे याचा विचार करा. हेच सिलान्यो 2010 मध्ये निवडून आले.

प्रश्न: आपल्याकडे एका मतदारसंघातून एकच खासदार निवडून येतो. तिथे एका प्रदेशातून वीस-वीस जण कसे निवडून येतात? जागा कशा वाटतात ते उदाहरण देऊन सांगाल का?

सहा प्रदेश म्हणजे सहा मोठे मतदारसंघ. जागा अशा आहेत: हर्गेसाचा मरूदी जीह 20, तोगधेर 15, अवदल 13, सूल 12, सनाग 12, सहिल 10. बेरीज 82. हे वाटप लोकसंख्येवर बेतलेलं नाही, कारण सर्वांना पटेल अशी जनगणनाच नाही. 1960 च्या विधिमंडळातलं जुनं प्रमाण पायाला धरून 2005 मध्ये तोडगा काढला गेला आणि 2021 मध्ये तोच पुढे चालवला.

मतदार फक्त एका उमेदवाराच्या चिन्हावर खूण करतो. त्या एका खुणेचे दोन उपयोग होतात. आधी ते मत उमेदवाराच्या पक्षाच्या खात्यात जमा होतं आणि त्यावरून पक्षाला त्या प्रदेशात किती जागा हे ठरतं. मग त्या जागांवर पक्षातलं कोण बसणार, हे उमेदवारांच्या वैयक्तिक मतांच्या क्रमाने ठरतं. पक्षाने आधी क्रमवारी लावून दिलेली नसते, म्हणून या पद्धतीला खुली यादी म्हणतात.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. प्रदेशात 10 जागा, वैध मतं 1,00,000. म्हणजे एका जागेला 10,000 मतं. 'क' पक्षाला 46,000, 'ख'ला 33,000, 'ग'ला 21,000. पूर्ण भागाकाराने जागा झाल्या 4, 3 आणि 2. उरली एक जागा. ती सर्वांत जास्त शिल्लक मतं असणाऱ्या 'क'ला (6,000) दिली, तर 'क'च्या 5 झाल्या. आता 'क'च्या दहा उमेदवारांची मतं उतरत्या क्रमाने 9,000, 7,500, 6,800, 5,200, 4,400, 4,100, 3,500, 2,500, 1,800 आणि 1,200 अशी असतील, तर पहिले पाच निवडून आले. सहावा 300 मतांनी पडला, आणि तोही आपल्याच पक्षातल्या माणसाकडून! शिवाय 'ग' पक्षाचा दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार 3,000 मतांवर निवडून येऊ शकतो, तेव्हा हा 4,100 वाला घरी असतो. निकालाच्या दिवशी होणारी अर्धीअधिक भांडणं इथूनच निघतात. आकडे खोटे आहेत असं माणसाला वाटतं, पण बहुतेक वेळा त्याला पद्धतच समजलेली नसते.

याचा प्रचारावर होणारा परिणाम फार खोल आहे. उमेदवाराचा खरा स्पर्धक त्याच्याच पक्षातला असतो, म्हणून तो पक्षाचा जाहीरनामा घेऊन फिरत नाही. स्वतःच्या कुळाची मतं बांधतो. कुळातली वडीलधारी मंडळी बसून ठरवतात की आपले इतके हजार मतदार आहेत, त्यात किती उमेदवार निवडून येतील. दोन येण्यासारखे असताना चार उभे राहिले तर मतं फुटून एकही येत नाही. म्हणून नको असलेल्या इच्छुकांना बसवणं, ही मतदानाआधीची सर्वांत नाजूक वाटाघाट असते. काही कुळं सावधगिरी म्हणून तिन्ही पक्षांत आपली माणसं ठेवतात. 2021 मध्ये 246 उमेदवार होते, म्हणजे 82 जागांच्या बरोबर तिप्पट; 2005 मध्येही तेवढेच.

प्रश्न: तीनच पक्ष का? चौथा काढायला बंदी आहे?

राज्यघटनेच्या नवव्या कलमानुसार राष्ट्रीय पक्ष तीनपेक्षा जास्त असू शकत नाहीत. दर कुळाचा एक पक्ष होऊ नये, पक्षांना वेगवेगळ्या कुळांत मित्र शोधावे लागावेत, हा त्यामागचा हेतू. मग तीन ठरवायचे कसे? नवे गट 'राजकीय संघटना' म्हणून नोंदणी करतात, त्यांची एक चाचणी निवडणूक होते आणि पहिल्या तिघांना दहा वर्षांसाठी पक्षाचा दर्जा मिळतो. 2002 आणि 2012 मध्ये ही चाचणी स्थानिक निवडणुकांतून झाली. दुसऱ्या चाचणीतून कुल्मिये, यूसिड आणि वद्दानी पुढे आले. 2005 चा सर्वांत मोठा पक्ष उदुब तोवर संपला होता.

हेतू चांगला असला तरी आमच्या मते ही मर्यादा आता काचते. कुळं एकाच पक्षात बांधली जात नाहीत हे खरं, पण पक्ष म्हणजे उमेदवारीची तीन दुकानं होऊन बसतात. धोरणावरचा वाद त्यांच्यात क्वचितच दिसतो.

प्रश्न: डोळ्यांच्या बुबुळाची ओळख वापरून मतदारयादी केली असं वाचलं. एवढ्या गरीब प्रदेशात हे महागडं तंत्र कशासाठी? बोटांचे ठसे चालले नसते का?

ठसे घेऊन पाहिले होते, आणि ते फसले. 2005 च्या निवडणुकीत यादीच नव्हती. यादी नसली की दोन अडचणी येतात. एक, बोटाची शाई पुसता आली की माणूस दुसऱ्या केंद्रावर जाऊन परत मत देऊ शकतो. दुसरी अडचण लोकांच्या लक्षात येत नाही: कुठल्या केंद्रावर किती मतपत्रिका पाठवायच्या याचा अंदाजच लागत नाही. कुठे त्या दुपारीच संपतात, कुठे गठ्ठेच्या गठ्ठे उरतात, आणि उरलेल्या कोऱ्या मतपत्रिका म्हणजे गैरप्रकाराला आमंत्रण.

म्हणून 2008-09 मध्ये बोटांचे ठसे आणि चेहरा यांवर आधारित नोंदणी झाली. कुळांमध्ये आपली संख्या मोठी दाखवायची चढाओढ लागली. एकेकाने अनेकदा नावं नोंदवली, कित्येक नोंदींत ठसे धड घेतलेच गेले नाहीत. जिथे ठसाच नाही, तिथे यंत्र तुलना कशाची करणार? यादी इतकी वादग्रस्त ठरली की एप्रिल 2008 मध्ये होणारी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पुढे जात जात 26 जून 2010 ला झाली. नंतर ती यादी रद्दच केली आणि 2012 च्या स्थानिक निवडणुका पुन्हा यादीशिवाय झाल्या. दुबार मतदान उघड दिसत होतं.

तेव्हा बुबुळाचा विचार पुढे आला. हाताने कष्ट करणाऱ्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यावर चिरा पडतात. बुबुळाची नक्षी डोळ्याच्या आत सुरक्षित असते. नोंदणीचं काम असं चालतं: माणूस केंद्रावर येतो, नाव आणि इतर माहिती लिहून घेतात, चेहऱ्याचा फोटो काढतात, दोन्ही डोळ्यांची प्रतिमा घेतात. सगळ्या नोंदी एका ठिकाणी जमल्या की प्रत्येक नोंद बाकीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहतात आणि दुबार निघालेल्या बाजूला काढतात. मग कार्डं छापली जातात आणि ती वाटण्याची वेगळी मोहीम होते. 2016 मध्ये सुरू झालेल्या या नोंदणीत सुमारे 8 लाख 73 हजार नावं आली. 13 नोव्हेंबर 2017 चं राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान त्या यादीवर झालं. बुबुळावर आधारित मतदारयादीने निवडणूक घेणारा हा जगातला पहिलाच प्रदेश. 2021 साठी यादी वाढून 10 लाख 65 हजारांच्या पुढे गेली.

एक गैरसमज मात्र दूर करू. मतदानाच्या दिवशी कोणाचे डोळे तपासत नाहीत. बुबुळाचा उपयोग यादी स्वच्छ करण्यापुरता. केंद्रावर कार्ड आणि फोटो असलेली यादी बघतात. म्हणजे यंत्र बिघडलं म्हणून मतदान थांबलं, असं होत नाही. आम्हाला यातला हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आणि तरीही तंत्राला न सुटणारी एक गोष्ट उरतेच. लोकसंख्येतला मोठा भाग उंट, शेळ्या-मेंढ्या घेऊन पाण्यामागे फिरणाऱ्या पशुपालकांचा. नाव नोंदवलं एका ठिकाणी आणि मतदानाच्या दिवशी कुरण दुसरीकडेच, असं झालं की मत बुडालं, कारण आपल्या केंद्राशिवाय इतरत्र मत देता येत नाही. भीषण दुष्काळामुळे 2017 ची निवडणूक मार्चमधून पुढे ढकलावी लागली त्याचं एक कारण हेच.

प्रश्न: मतदान आणि मोजणी नेमकी कशी होते? गडबड कुठे होते?

31 मे 2021 ला मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका होत्या: एक प्रतिनिधिगृहाची, दुसरी स्थानिक परिषदेची. कार्ड दाखवायचं, यादीत नाव आणि फोटो जुळवायचा, मतपत्रिका घ्यायच्या, आडोशाला जाऊन प्रत्येकीवर एकच खूण करायची, ज्या त्या पेटीत टाकायची, बोटाला शाई लावून घ्यायची.

मोठ्या प्रदेशात मतपत्रिकेवर डझनावारी चिन्हं असतात. वाचता न येणाऱ्यांची संख्या मोठी, त्यामुळे चिन्ह हेच नाव. गोंधळ दोन प्रकारचे होतात. दोन चिन्हांवर खूण केली की मत बाद. आणि मतदार केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला मोठ्याने विचारतो, 'अमक्याचं चिन्ह कुठलं?' मदत तर करायला हवी, पण गुप्तता तिथेच संपली. यावर उपाय म्हणजे मतदानाआधी नमुना मतपत्रिका घेऊन गावोगाव सराव करून घेणं. जिथे तो झाला तिथे बाद मतं कमी पडतात.

मोजणी केंद्रावरच होते, पक्षांच्या प्रतिनिधींसमोर. पेटी उघडल्यावर आधी मतपत्रिका मोजून दिलेल्या मतांशी ताळा करतात, मग एकेक मत उलगडून दाखवतात. निकालपत्रकावर सह्या होतात. केंद्राचे आकडे तिथेच कळले की पुढे जिल्हा, प्रदेश आणि राष्ट्रीय निवडणूक आयोग या प्रवासात ते बदलणं अवघड होतं, कारण पक्ष स्वतःची बेरीज करून ठेवतात. बहुतेक चुका याच प्रवासात होतात. खुल्या यादीत एका पत्रकावर इतक्या उमेदवारांचे आकडे भरायचे असतात की रात्री कंदिलाच्या उजेडात थकलेल्या माणसाकडून एक ओळ वरखाली होते आणि एकाची मतं दुसऱ्याला जातात. म्हणून प्रत्येक उमेदवाराची बेरीज आणि एकूण वैध मतं यांचा मेळ घातल्याशिवाय पत्रक पुढे जाऊ देऊ नये.

2021 चा निकाल 6 जूनला, म्हणजे सहाव्या दिवशी लागला. मधले दिवस अफवांचे. 2017 मध्ये त्या काळात समाजमाध्यमंच बंद ठेवली होती. हा उपाय आम्हाला मुळीच पटत नाही. केंद्रवार आकडे लवकर आणि उघड जाहीर करणं हा त्याहून चांगला मार्ग आहे.

प्रश्न: 2005 नंतर थेट 2021? आमदारांची मुदत किती असते?

पाच वर्षं. बसले मात्र जवळजवळ सोळा. मुदत वाढवून देण्याचा अधिकार गुर्तीकडे, म्हणजे 82 ज्येष्ठांच्या वरिष्ठ सभागृहाकडे आहे, आणि गुर्तीची स्वतःची निवडणूक कधी झालेलीच नाही. तिथली जागा कुळांनी दिलेली. सदस्य वारला की बहुधा मुलगा किंवा जवळचा नातेवाईक बसतो. 1993 च्या बोरामा परिषदेत याच ज्येष्ठांनी शांतता घडवली, म्हणून त्यांच्याविषयी आदर आहे. पण जी संस्था स्वतः निवडणुकीला सामोरी जात नाही, तिला इतरांची निवडणूक पुढे ढकलायची घाई नसली तरी अडचणही नसते.

उशिराची कारणं ठरलेली होती: पैसा, मतदारयादी, आयोगावर कोण बसणार हा वाद, आणि सर्वांत कठीण म्हणजे सहा प्रदेशांतलं जागावाटप. जागा बदलायच्या तर कोणाच्या तरी कमी होणार, आणि जनगणनेशिवाय ते कोण मान्य करणार? जुलै 2020 मध्ये राष्ट्राध्यक्ष मूसे बिही अब्दी आणि दोन विरोधी पक्ष यांच्यात समझोता झाला, जुनंच वाटप ठेवायचं ठरलं, आणि दहा-अकरा महिन्यांत निवडणूक झालीसुद्धा. त्या समझोत्याशिवाय बाकी सारी तयारी वाया गेली असती.

प्रश्न: 2021 मध्ये एकही महिला निवडून आली नाही हे खरं आहे का? का?

खरं आहे. 2005 मध्ये 7 महिला उभ्या होत्या, 2 निवडून आल्या. 2021 मध्ये 13 उभ्या होत्या, निवडून एकही आली नाही. उमेदवार वाढले आणि जागा शून्यावर आल्या.

कारण वर सांगितलेल्या पद्धतीतच आहे. उमेदवार कुळाची बैठक ठरवते आणि त्या बैठकीत पुरुष ज्येष्ठ बसतात. बाईचं माहेरचं कूळ म्हणतं, 'ती आता नवऱ्याच्या घरची, तिला निवडून दिलं तर फायदा त्यांचा.' सासरचं कूळ म्हणतं, 'ती त्यांची लेक.' दोन्हीकडून मतं मिळतील असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात दोन्हीकडून नकार येतो. शिवाय प्रचाराचा खर्च उमेदवार आणि त्याच्या कुळाने करायचा, पक्षाकडून फारसं काही मिळत नाही. खुल्या यादीत पक्षाला मनात असूनही एखाद्या महिलेला वरचा क्रमांक देता येत नाही, कारण क्रमांक मतदार देतात. राखीव जागांची मागणी वर्षानुवर्षं होत आहे, पण कायदा ज्यांनी करायचा त्यांच्याच जागा त्यात जाणार. त्या मिळेपर्यंत आकडा बदलेल असं आम्हाला वाटत नाही.

प्रश्न: मग छोट्या, दुर्लक्षित गटांचं कोणीच निवडून येत नाही का?

येतं, पण अपवादानेच. 2021 मध्ये गबोये या पिढ्यान्‌पिढ्या तुच्छ लेखल्या गेलेल्या समाजातले बरखाद जामा बातून वद्दानीकडून हर्गेसातून उभे होते. त्यांना 26 हजारांहून अधिक मतं पडली, देशातली सर्वांत जास्त. ही मतं त्यांच्या समाजाची असणं शक्यच नव्हतं. शहरातल्या तरुणांनी कूळ बाजूला ठेवून दिलेली होती. खुल्या यादीने महिलांचं दार बंद केलं, तिनेच हे दार उघडलं.

प्रश्न: सूल प्रदेशात मतदान झालं का? तिथले लोक तर वेगळे व्हायला तयार नाहीत असं ऐकतो.

2005 मध्ये सूल आणि सनागच्या बऱ्याच भागात मतदान होऊ शकलं नव्हतं. तिथल्या धुलबहांते आणि वरसंगेली कुळांचा ओढा पुंटलँड हा सोमालियातला शेजारचा स्वायत्त प्रदेश आणि सोमालिया यांच्याकडे. 2021 मध्ये लास अनोद या सूलच्या मुख्य शहरात मतदान झालं आणि नव्या सभागृहाचे अध्यक्ष अब्दिरिसाक खलीफ हेही सूलचेच. पण 2023 च्या सुरुवातीला लास अनोदमध्ये लढाई पेटली आणि ऑगस्टमध्ये सोमालीलँडच्या फौजेला तिथून मागे हटावं लागलं. 13 नोव्हेंबर 2024 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्या भागात मतदान झालं नाही. सोमालीलँडच्या लोकशाहीचं कौतुक करताना हा भाग झाकून ठेवणं बरोबर नाही.

प्रश्न: इतर फुटून निघालेल्या प्रदेशांतही हीच पद्धत आहे का?

नाही. जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझियाच्या लोकसभेत 35 जागा, सगळ्या एकसदस्य मतदारसंघांच्या. मोल्दोव्हातून फुटलेल्या ट्रान्सनिस्ट्रियाने 43 जागांच्या 33 केल्या. उत्तर सायप्रसमध्ये 50 जागा आणि पक्षाला किमान 5 टक्के मतांची अट.

प्रश्न: 2021 मध्ये निवडून आलेल्यांचं पुढे काय झालं?

वद्दानी आणि यूसिड एकत्र आले आणि सभागृहाचं अध्यक्षपद विरोधकांकडे गेलं. राष्ट्राध्यक्षांची मुदत नोव्हेंबर 2022 मध्ये संपत होती, पण नव्या पक्षांची चाचणी आधी की राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आधी यावर वाद अडला, ऑगस्ट 2022 मधल्या निदर्शनांत माणसं मेली, आणि गुर्तीने पुन्हा मुदतवाढ दिली. शेवटी दोन्ही मतदानं 13 नोव्हेंबर 2024 ला एकाच दिवशी झाली. वद्दानीचे अब्दिरहमान मोहम्मद अब्दुल्लाही, ज्यांना लोक 'इर्रो' म्हणतात, सुमारे 64 टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. पक्षांच्या चाचणीत वद्दानी आणि कुल्मिये टिकले, तिसरी जागा काह या नव्या संघटनेने घेतली. यूसिडचा राष्ट्रीय पक्षाचा दर्जा गेला, आणि 2021 मध्ये त्याच्या चिन्हावर आलेल्या 21 आमदारांना पुढच्या वेळी उभं राहायचं तर या तिघांपैकी एकाकडे उमेदवारी मागावी लागेल.